गेममधलं मयत

मल्लूच्या डिप्लोमाला लागतो, असं अप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, सांगून आमच्या घरात कॉम्प्युटर आला. मल्लू म्हणजे माझा थोरला भाऊ, मल्लिनाथ. लागतही असेल डिप्लोमाला, मी नाही म्हणत नाही. पण पहिले कित्येक महिने त्या यंत्रावर अभ्यासाचं एक अक्षर उमटलेलं मी पाहिलं नाही. सोलापूरच्या बाळीवेशीतलं आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढच्या खोलीत अप्पांच्या भांड्यांच्या दुकानाचा जादा माल, पितळी घागरी आणि स्टीलचे डबे पार छतापर्यंत. मागच्या खोलीत देव, अंथरुणं आणि आम्ही. मधली खोली अव्वाची, म्हणजे आमच्या आईची. तिचा कडक भाकरीचा उद्योग तिथंच चालायचा. घरातला धड चालणारा प्लगही नेमका त्याच खोलीत, त्यामुळे कॉम्प्युटर तिच्या परातीशेजारी येऊन बसला. कीबोर्डच्या फटींमधून ज्वारीचं पीठ जायचं. मल्लू वैतागून तो उलटा करून आपटायला लागला की अव्वा म्हणायची, "सांडू नको, ते पीठ पण धरलंय मी हिशेबात." तिची चेष्टा ही अशी, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. नवीन माणसाला वाटायचं बाई रागावली.

ज्यांनी कडक भाकरी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, नाहीतर सोलापूरकरांना काय सांगायचं. कागदासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवत ठेवायची, कटकन मोडेपर्यंत. महिनाभर काही होत नाही तिला. शेंगांची चटणी, वर दही, किंवा सरळ आमटीत चुरून. अव्वाच्या भाकऱ्या दोन-तीन दुकानांत जायच्या. तिच्या थापण्याचा आवाज माझ्या लहानपणाला सतत लागून आहे. त्याच्या मागे पलीकडच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा खडखडाट, आणि पाण्याच्या दिवशी पहाटे नळाचा तो सूं सूं दम, की सगळी गल्ली घागरी घेऊन उठलीच. नळाला पाणी चार दिवसांतून एकदा. मधल्या दिवसांत पिंपात जे असेल ते. आज माझी मुलगी दात घासताना नळ सोडून ठेवते तेव्हा मी अजून धावत जाऊन तो बंद करते.

आता शरणूमामाचं सांगायला हवं, त्याच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मामा ट्रकवर ड्रायव्हर होता. अव्वाची आणि त्याची आई लवकर गेली, तेव्हा मामा रांगत होता, आणि अव्वा चौदा-पंधरा वर्षांची असेल. तिनंच त्याला कडेवर वाढवला. तो तिला अक्का म्हणायचा आणि ती त्याला काहीही म्हणायची, शिव्यांसकट. गाडी सोलापुरात लागली की वळसंगला बापाकडे जायच्या आधी तो आमच्या दारात. आमटीत भाकऱ्या चुरायच्या, भुरके मारत खायचं, आणि जेवण झालं की आम्हा पोरांना पिक्चर सांगायचा. पिक्चर एकच. जुना, इंग्रजी, काळापांढरा, दरोडेखोरांचा. गाडीवर लागायच्या आधी कधीतरी सकाळच्या खेळाला त्यानं तो पाहिला होता आणि त्याच्या डोक्यातून तो काही गेला नव्हता. इंग्रजी त्याला यस आणि नो एवढंच येत होतं, बाकी सगळं त्यानं स्वतःच्या मनानं बसवलेलं. धुक्यानं भरलेलं एक बंदर असतं. तिथं एक टोळी असते, आणि हिरो त्या टोळीचा ड्रायव्हर असतो. बाकीचे बँकेत शिरतात, हा बाहेर इंजिन चालू ठेवून बसतो. "खरी छाती त्याची," मामा म्हणायचा, "आत जाणाऱ्याच्या हातात बंदूक असती. बाहेर बसणाऱ्यानं नुसतं थांबायचं. तुमी थांबून बघा की." हे सांगताना जेवणाचं ताट हातात उभं धरून तो स्टेअरिंग फिरवायचा, उष्ट्याचे थेंब आमच्या अंगावर. हिरोला गाडी शिकवणारा एक म्हातारा वस्ताद असतो, त्याची नक्कल तर मामा अशी करायचा की अव्वासुद्धा पाठ फिरवून हसायची.

तो माल घेऊन लांब ओरिसाच्या अंगाला गेला आणि आला नाही. बऱ्याच दिवसांनी ट्रकचा मालक स्वतः आमच्या घरी आला. बिचारा उंबऱ्यातच बसला. घाटात गाडी खाली गेली होती. कागदपत्रं भिजून लगदा झालेली, माणूस कुठला ते कुणाला कळेना. तिथल्या लोकांनी वाट पाहिली आणि मग बेवारस म्हणून दहन केलं. गाडीच्या नंबरावरून शोध लागून मालक पोचला तेव्हा दाखवायलाही काही उरलं नव्हतं. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, तुमी डोळ्यांनी बघितलं का. तो नाही म्हणाला. अव्वा म्हणाली, "आमच्यात जाळत न्हाईत. आमच्यात पुरत्यात. ज्याला जाळलं तो आमचा कसा असंल?" आणि उठून ती भाकरी थापायला बसली.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून मातीत ठेवतात, आणि प्रत्येकानं मूठभर माती द्यायची असते. वळसंगच्या शेतात बांधालगत आमच्या आजोळची सगळी माणसं तशीच बसलेली आहेत, पणजोबापासून आजीपर्यंत. शाळेत पोरी विचारायच्या, तुमच्यात पुरतात व्हय गं, भीती नाही वाटत? मला कधी वाटली नाही. आणि आता त्या बांधावर मामाची जागा रिकामी. अव्वाच्या लेखी तो गाडीवर होता. कुणी विचारलं तर ती सरळ म्हणायची, "गाडीवर हाय, येईल की." वळसंगला आज्जा, म्हणजे तिचे वडील, एकटे होते. मुलाची शिवगणाराधना, म्हणजे आमच्याकडचं दिवसकार्य, त्यांनी घातली नव्हती. सख्खी बहीण हो म्हणाल्याशिवाय कसं करायचं, असं त्यांचं म्हणणं. ते थकत चालले होते, आपल्यामागे पोराचं कार्य राहून जाईल या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती. अप्पा समजावून थकले. घरात मामाचा विषय निघाला की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि कुणीतरी पाण्याचं काढायचं.

अशात मल्लूनं मित्राकडून एक गेम आणला. डिस्कच्या डब्यावर मोटारीच्या काचेआड बसलेला हॅटवाला माणूस, आणि मागं धुकं. मी डबा हातात घेतला आणि माझ्या अंगावर काटाच आला. नाव इंग्रजीत होतं, मामानं सांगितलेल्या नावाशी त्याचा काही मेळ नव्हता, पण ओळख पटायला नाव कशाला लागतंय? त्याच जुन्या पिक्चरवरून कुणीतरी गेम काढला होता. मल्लूनं तो लावला आणि मधल्या खोलीत, परातीशेजारी, बंदर उघडलं. हसू नका, पण मी अक्षरशः हात जोडले. मामा ताट फिरवत जे सांगायचा ते सगळं तिथं होतं, आणि आपण त्यात चालू शकत होतो. ओल्या रस्त्यावर दिव्यांचे पिवळे पट्टे पडलेले. आपण चाललो की ते पट्टे आपल्याबरोबर सरकायचे. भोंगा वाजवत बोट यायची. मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. पुढं खरा पाहिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, तो मला जरा कमीच वाटला.

अव्वा पहिल्यांदा मान वर करून बघत राहिली ती मल्लूनं हिरोला गाडीत बसवलं तेव्हा. तव्यावरची भाकरी करपली तेवढीच. त्यानंतर मल्लू गेम लावायला बसला की ती आपला पाट थोडा तिरका ठेवून बसायला लागली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मल्लूनं गोदामाच्या पहारेकऱ्याला गोळी घातली. तो माणूस हात पसरून पडला. अव्वानं विचारलं, मेला का तो. मल्लू खुशीत म्हणाला, मेला. अव्वा म्हणाली, मग ऊठ, अंघोळ कर, त्याशिवाय ताट मिळायचं न्हाय. आम्ही हसलो. ती हसली नाही. मयताला जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही, हे तर सगळ्यांकडेच असतं. अव्वाचं त्याहून एक पाऊल पुढं. रस्त्यानं जाणारी प्रेतयात्रा दिसली तरी ती घरी येऊन डोक्यावरून पाणी घ्यायची. कुणाचं तरी असंलच की ते, म्हणायची. मल्लू म्हणाला, "अगं अव्वा, ती चित्रं हायत. खरी माणसं न्हाईत."

"परीक्षेच्या दिवशी चित्रातल्या देवाच्या पाया पडतोस न्हवं?" अव्वा म्हणाली. "मग चित्रातलं मयतबी मयतच. आणि लीला, तूबी ऊठ. तू बघितलंस."

लीला म्हणजे मी. झक मारत दोघांनी अंघोळ केली. संध्याकाळी मल्लूनं आणखी दोघांना उडवलं, पुन्हा अंघोळ. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंपाचा तळ दिसला. पाणी यायला अजून दोन दिवस. अप्पा दुकानातून आले, पिंपात डोकावले आणि हे कुणाचं काम म्हणून त्यांनी आवाज चढवला. आम्ही खरं ते सांगितलं. अप्पा व्यापारी माणूस, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. अव्वाचा नियम मोडायचा नाही आणि पाणीही उधळायचं नाही, असा त्यांनी निवाडा दिला. म्हणजे काय करायचं, असं मल्लूनं विचारलं. कुणाला मारू नको, अप्पा म्हणाले, एवढं काय अवघड हाय त्यात.

अवघड म्हणजे काय, तो गेम त्यासाठी बनलेलाच नव्हता. दरोडेखोरांच्या गेममध्ये माणूस न मारता पुढं जायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत न जेवता ताटावर बसून राहण्यासारखं. मल्लूचे मित्र खदाखदा हसले. लिंगायताचा शाकाहारी दरोडेखोर म्हणून त्याला कॉलेजात चिडवायला लागले. पण मल्लू हट्टाला पेटला, आणि मल्लू हट्टाला पेटला की मग विचारू नका. तो पहारेकऱ्यांच्या चालण्याच्या वेळा बघून ठेवायचा. कुणाला खोलीत कोंडायचा, कुणाच्या पाठीमागून चोरपावलानं सटकायचा, नाहीतर सरळ गाडी काढून पळायचा. मित्रांनी एका दुपारी संपवलेल्या कामाला आम्हाला आठवडा लागायचा. वर पुन्हा भारनियमन. ऐन भिंतीवरून उडी मारताना वीज जायची, पलीकडच्या गल्लीतले मागही एकदम गप्प व्हायचे, आणि त्या शांततेत मल्लूच्या तोंडून जे बाहेर पडायचं ते इथं लिहिता येणार नाही.

पण त्या वाट बघण्यात आम्हाला ते शहर दिसलं. मित्रांना ते दिसलंच नाही, ते धावतच होते. आम्ही गोदामाच्या कोपऱ्यावर पहारेकरी वळायची वाट बघत उभे असायचो, आणि समोरून एक लाल कोटवाली बाई रोज त्याच वळणावरून पाव घेऊन जायची. पाऊस लागला की ती पाव कोटात लपवायची. कुणी सांगितलं होतं तिला? कुठल्या माणसानं बसून ठरवलं असेल की इथं एक बाई असावी आणि तिनं पाव भिजू देऊ नये, आणि तेसुद्धा गेम खेळणारा इकडे बघेल याची काही खात्री नसताना? मला त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटायचं. एक मासेवाला होता, तो गिऱ्हाईक नसलं की शीळ घालायचा. आपण त्याला धक्का दिला नाही, गाडी आपटली नाही, तर काही दिवसांनी तो आपल्याला बघून टोपीला हात लावायचा. ज्या पहारेकऱ्याला कोंडून ठेवलं होतं तो पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच, जिवंत, विडी ओढत. अव्वा मासे दिसले की तोंड फिरवायची, पण मासेवाल्याची शीळ तिला आवडायची. "आली का आज ती पाववाली?" असं ती पीठ मळता मळता विचारायची. पाऊस तर तिथं सारखाच. ते बघून तिचा जीव तुटायचा. "एवढं पाणी पडतंय आणि एक बया बाहेर बादली लावंना," म्हणायची. खरंच सांगते, आयुष्यात पुढं मी पुष्कळ हिंडले, चांगली चांगली शहरं पाहिली, पण त्या शहराइतकं मन लावून एकही पाहिलेलं नाही.

एकदा धुक्यात मल्लूच्या गाडीखाली एक माणूस आला. चुकूनच. मल्लू ओरडला, अव्वानं परात सोडली आणि उठून पडद्याजवळ आली. माणूस रस्त्यात पडलेला. लोक थोडे पळाले, थोड्या वेळानं परत आपापल्या वाटेनं चालायला लागले, त्याला वळसा घालून. आणि मग तो माणूस तिथं नव्हताच. अव्वानं विचारलं, कुटं गेला तो. मल्लू म्हणाला, कॉम्प्युटर उचलतो गं, नाहीतर मशीन जड होतं. उचलतो म्हंजे कुटं नेतो, अव्वानं विचारलं. कुणीच येत न्हाय का न्यायला त्याला, तिनं पुन्हा विचारलं. मल्लू कसनुसा होऊन माझ्याकडे बघायला लागला. अव्वा वळली, मोरीत गेली आणि तिनं पिंपातलं उरलंसुरलं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. आम्हाला त्या दिवशी अंघोळीला उठवलं नाही. मी दाराशी उभी राहून तांब्याचा आवाज ऐकत होते आणि मला रडू फुटलं. ना नाव ना गाव, अशा त्या चित्रातल्या माणसासाठी माझी आई अंघोळ करत होती, आणि स्वतःच्या भावासाठी तिनं अजून एक तांब्या घेतला नव्हता.

त्याच सुमारास आज्जा वळसंगहून आले. तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या होत्या पिशवीभर. अव्वानं त्या मीठ घालून उकडल्या, आज्जांपुढं ठेवल्या. आज्जांनी एक शेंग सोलून हातात धरली, खाल्ली नाही. ते लेकीशी कानडीतच बोलायचे. "होग्यानव्वा," ते म्हणाले, गेला गं बाई तो. अव्वा त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, खावा, गार व्हायला लागल्यात. आज्जा संध्याकाळच्या एसटीनं परत गेले. जाताना अप्पांना म्हणाले, माझे काही दिवस राहिले न्हाईत, ती म्हणंल तेव्हा मला कळवा. अप्पा त्यांना स्टँडपर्यंत सोडून आले आणि जेवले नाहीत.

ती दुपार आली तेव्हा उन्हाळा लागलेला होता. पत्र्याखाली खोली तापलेली, पुढच्या खोलीतल्या घागरींना हात लावला तर चटका बसायचा. आणि पडद्यावर आमच्या बंदरात पाऊस. मल्लू पुष्कळ पुढं गेला होता. टोळीतल्या भांडणात वस्तादाला गोळी लागली. तो म्हातारा, ज्याची नक्कल बघून आम्ही पोट धरून हसलो होतो, हिरोच्या मांडीवर मान टाकून गेला. मामानं हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. एवढ्या वेळा पिक्चर सांगितला, पण वस्ताद जातो हे त्यानं दर वेळी गाळलं होतं. मल्लू घाईघाईनं म्हणाला, आपण न्हाय मारलं अव्वा, ते ष्टोरीतच हाय. अव्वा म्हणाली, बघितलं की मी.

मग पडदा काळा झाला आणि कब्रस्तान आलं. चढावर ओलं गवत, दगडांच्या रांगा, आणि खणलेली जागा. पेटी दोरानं खाली सोडत होते. अव्वाचा हात परातीत थांबला.

"आपल्यासारखं मातीत ठेवत्यात," ती म्हणाली.

मल्लू दुसरंच बघत होता. खड्ड्याच्या भोवती माणसं जमत होती, छत्र्या घेऊन, चढावरून एकेक वर येत. मासेवाला आला, टोपी हातात घेऊन. लाल कोटवाली आली, आज काळ्या कोटात. गोदामाचा पहारेकरी आला, ज्याला आम्ही दोनदा कोंडलं होतं. वर्तमानपत्र विकणारी म्हातारी, बँकेतला टक्कल पडलेला कारकून, ज्यांच्या पाठीमागून मल्लू चोरपावलांनी गेला होता ते सगळे. मल्लू पुटपुटला की मित्रांच्या गेममध्ये इथं तीनच माणसं होती, पाद्री धरून. तेव्हा आम्हाला उमगलं. गेम करणाऱ्यानं ठरवून ठेवलं होतं की वाटेत जितके जिवंत राहतील तितके मातीला येतील. आम्ही मारलेच नव्हते, म्हणून सगळं गाव आलं होतं. चढ भरला, तरी माणसं येतच होती. इतकी वर्षं झाली, आजही मी ते भेटेल त्याला सांगत असते. माझी मुलगी म्हणते, आई, साधा प्रोग्राम आहे गं तो. असेल बाई.

खाली इंग्रजीत एक ओळ उमटली. मल्लू सवयीनं ती घालवून पुढं जाणार, तोच अव्वा म्हणाली, थांब, काय लिवलंय ते. मी वाचलं. माती द्यायची असेल तर हे बटण दाबा, असं होतं. दाबलंच पाहिजे असं काही नव्हतं.

अव्वानं पदराला हात पुसले. पीठ निघालं का ते उलटसुलट करून बघितलं. मग पाट सरकवून ती मल्लूच्या जागी आली, आणि मल्लू न सांगता बाजूला झाला. कुटलं, तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं. तिनं दाबलं. पडद्यावरचा तरुण ड्रायव्हर खाली वाकला, त्यानं ओली माती मुठीत घेतली, खड्ड्यात सोडली, आणि हात कोटाला पुसला. माती लाकडावर पडल्याचा आवाज आला. अव्वा थोडी थांबली. पुन्हा दाबलं. तो पुन्हा वाकला. मग ती दाबतच राहिली, सावकाश, प्रत्येक वेळी तो उभा राहीपर्यंत थांबून. ती किती जणांच्या वाटणीची माती देत होती कुणास ठाऊक. आज्जांची, आमची, अप्पांची, वळसंगच्या भावकीची. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं.

बऱ्याच वेळानं तिनं बोट उचललं. माणसं तशीच उभी होती, पावसात, कुणी हलत नव्हतं.

"हे घरी कधी जातील?" तिनं विचारलं.

मल्लू म्हणाला, आपण हललो की जातील. आपण उभं राहिलो तर तेबी उभेच राहत्यात.

"मग उभं राहू देत," अव्वा म्हणाली.

अप्पा जेवायला आले तेव्हा आम्ही तसेच बसलेलो होतो. दुपार टळून गेली होती, चूल थंड, परातीतल्या पिठावर कोरडी खपली धरलेली. एरवी त्यांनी आल्या आल्या ताटाचं विचारलं असतं. त्यांनी दारातून पडद्यावरचा तो भरलेला चढ पाहिला, तो खड्डा पाहिला, आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसलेली अव्वा पाहिली. त्यांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि आमच्यामागे जमिनीवर बसले, मयताच्या घरी पुरुषमाणसं टेकतात तसे, गुडघे जवळ घेऊन. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

अव्वानं पडद्यावरची नजर काढली नाही.

"शरणू गेला," ती म्हणाली. "वळसंगला कळवा."